डोल्गोरचं वजन

झुंदुईमामाच्या तराजूची तालुकाभर चेष्टा व्हायची, पण पाठीमागे. तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण मामाचे घोडे पळत. त्यांतला एक म्हणे इतका पळायचा, की शर्यत जिंकून, पाणी पिऊन, एक डुलकी काढून उठला तेव्हा कुठे त्याची सावली धापा टाकत येऊन पोचली. ही गोष्ट मामा स्वतः सांगायचा, आणि सांगताना न विसरता त्या सावलीलाही पाणी पाजायचा.

तराजू साधाच होता. उंटगाडीची दांडी वर करून उभी करायची, तिला एक लाकडी वासा मधोमध टांगायचा. वाशाच्या एका टोकाला दोराच्या फासात पोर, दुसऱ्या टोकाला कातड्याची पिशवी. पिशवीत सरोवराकाठच्या मिठाचे खडे. ते मामाच्या बापानं भरलेले, तेव्हापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता. वासा सरळ राहिला किंवा पिशवीकडे झुकला, तर ते पोर शर्यतीत घोड्यावर बसणार. पोराचं टोक खाली गेलं की त्यानं फासातून उतरायचं, मामाला वाकून नमस्कार करायचा आणि मेंढरांकडे जायचं. रडायचं असेल तर मेंढरांत जाऊन रडायचं.

डोल्गोर त्या फासात पहिल्यांदा बसली ती दहा वर्षांची असताना. तिचे आईबाप पलीकडच्या डोंगरात याक राखायचे. उन्हाळा लागला की पोरगी मामाकडे. त्याच वर्षी मामाचा घोडा खोंगोर दोन वर्षांचा झाला होता. पिवळसर अंगाचा, काळ्या आयाळीचा, माणसाला आधी हुंगणार आणि मग ठरवणार असा. दोघं एकदमच पहिल्या शर्यतीत उतरली आणि दुसरी आली. पुढची दोन वर्षं पहिली. नादामच्या, म्हणजे उन्हाळी जत्रेच्या, मैदानात घोड्याचं कौतुक गाणारा म्हातारा खोंगोरचं नाव घ्यायचा, मामाचं घ्यायचा आणि शेवटी "वर बसलेली डोल्गोर" म्हणायचा. ते तीन शब्द ऐकण्यासाठी ती उरलेलं वर्षभर जगायची.

आता खोंगोर पाच वर्षांचा होता. छाती भरलेली, दात पुरे आलेले. घोड्याच्या आयुष्यातलं याहून देखणं वर्ष नाही.

आणि डोल्गोर तेरा वर्षांची होती.

हिवाळ्यात कुणीतरी तिला झोपेत दोन्ही टोकांना धरून ओढलं असावं. डगल्याच्या बाह्यांतून मनगटं बाहेर आली, बुटांत बोटं दुमडली. छातीत दोन ठिकाणी आत गाठ बसल्यासारखं दुखायचं. घोड्यावर दुडक्या चालीनं निघालं की डोळ्यांत पाणी यायचं. तिनं मामीचा एक जुना रेशमी कमरपट्टा फाडून छाती आवळून बांधली. त्यानं दुखणं कमी झालं नाही, पण ते आपल्या हुकमात आल्यासारखं वाटलं. पूर्वी तिला राग आला की तो कशाचा ते कळायचं. आता सकाळी उठल्या उठल्या यायचा, आणि कारण नंतर शोधावं लागायचं.

पुढे काय असतं ते तिला माहीत होतं. तिच्या आधी मामाच्या घोड्यांवर नोर्जमा बसायची. तीन वर्षं पहिली आलेली नोर्जमा आता पंधरा वर्षांची होती, दिवसाला सहा वेळा घोड्या पिळायची, आणि नादामच्या दिवशी पाहुण्यांना घोडीचं आंबट दूध वाढायची. एक पाहुणा तिला म्हणाला होता, "पोरी, तू कधी घोड्यावर बसलीस का गं?" नोर्जमा हसली होती. ते हसू डोल्गोर अजून विसरली नव्हती.

उन्हाळ्यातलं पहिलं वजन झालं तेव्हा वासा तिच्या बाजूला दोन बोटं झुकला.

"डगला घालून बसलीस होय? काढ तो," मामा म्हणाला.

डगला काढला. अर्धं बोट उरलंच. मामानं वाशाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं.

"वारा आहे," तो म्हणाला. "दहा दिवसांनी बघू."

वारा नव्हता. धूर सरळ वर जात होता.

दहाव्या दिवशी मामानं नेहमीसारखी हाक मारली, "पिशवी आण गं." पिशवी उंटगाडीच्या मागं असायची, आणि ती ओढत आणायचं काम ज्याचं वजन व्हायचं त्याचंच. आजवर कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. घोड्याच्या बाबतीत खोटं कोण करणार? डोल्गोर गाडीमागं गेली. ओढ्यातला मुठीएवढा एक गुळगुळीत दगड तिनं सकाळीच डगल्यात घालून ठेवला होता. पिशवीचं तोंड सोडलं, दगड मिठात दडपला, तोंड बांधलं. गाठ तीनदा सुटली, तीनदा पुन्हा मारली.

वासा सरळ राहिला. मामा वाशाला एका बोटानं ढोसून बघत होता.

"बघ, म्हटलं नव्हतं, वारा होता?" तो खूश होऊन मामीला ओरडला. "ही पोरगी अजून दोन वर्षं बसेल!"

सेवेलमामी चुलीत रानशेणी घालत होती. तिनं मान वर करून डोल्गोरकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि पुन्हा चुलीत तोंड घातलं.

त्यानंतर डोल्गोरनं खाणं सोडलं. मामी वाडगं भरून मटणाचा रस्सा द्यायची, ती बाहेर जाऊन तो कुत्र्याला पाजायची. कुत्रा इतका लठ्ठ झाला की एकदा लांडगा आला, तर ह्याला उठवेना. लांडग्यानं त्याला डोंगरावरच्या देवाच्या दगडराशीला घालतात तशा तीन प्रदक्षिणा घातल्या आणि निघून गेला. डोल्गोर मात्र वाढतच होती. हाडांना कुणी सांगितलंच नव्हतं की पोट रिकामं आहे. दर दहा दिवसांनी एक दगड. कधी दोन.

इथवर सगळं तिच्या एकटीच्या अंगावर होतं. मग मामानं खोंगोरला चाचणीला पळवलं.

निम्म्या अंतरावरून तिनं त्याला पळवत आणलं. खोंगोर आला, पण उशिरा आला, आणि खांद्यांवरून फेस गळत आला. मामानं लाकडी पट्टीनं त्याचा घाम निपटला, पट्टी उन्हात धरली, मग जिभेला लावली. मामा घामाची चव बघून सांगायचा की घोड्याच्या पोटात अजून किती चरबी आहे, आणि चाळीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

"दाट आहे," तो पुटपुटला. "खारट आहे. हा गवत जास्त खातोय."

"मामा, पळाला तर चांगला," डोल्गोर म्हणाली.

"काय चांगला? वर चिमणीएवढी पोर आणि हा असा धापा टाकतोय! पोटात चरबी आहे, दुसरं काय असणार?"

वर चिमणी नव्हती. पण मामाचा हिशेब तराजूपासून सुरू व्हायचा, आणि तराजू सरळ होता. मग दोष घोड्यातच असणार. त्यानं खोंगोरला चरता येऊ नये म्हणून दोन खांबांमधल्या उंच दोराला बांधलं, रात्रीचं गवत निम्मं केलं, भर दुपारी अंगावर लोकरीचा जाड नमदा घालून त्याला घामाघूम केलं. चार दिवसांनी पुन्हा पळवलं. वरचं वजन तेवढ्यात एका दगडानं वाढलं होतं. खोंगोर आणखी उशिरा आला.

"अजून आहे चरबी," मामा म्हणाला आणि रात्रीचं उरलेलं गवतही तोडलं.

डोल्गोर त्या दोराखाली जाऊन उभी राहायची. खोंगोर तिला हुंगायचा. आधी तोंड, मग हात, मग डगल्याचा खिसा. खायला काही नाही असं कळलं की तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभा राहायचा. त्याच्या बरगड्या आता मोजता येत होत्या. तिच्याही येत होत्या. ती उपाशी होती ती आपल्या मर्जीनं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तीनदा ती सगळं सांगायला मामाकडे गेली. पहिल्यांदा मामा कुणाशी तरी बोलत होता. दुसऱ्यांदा एकटा होता, पण आनंदात होता. तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं.

"मामा, खोंगोर..."

"हं?"

"...पाणी पितोय का नीट?"

"पितोय की. तू काळजी नको करू गं माझे आई. तू फक्त चिकटून बस."

ती परत फिरली. रागानं एका दगडाला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

नादामच्या आठ दिवस आधी, सकाळी घोड्यावरून उतरताना खोगिरावर रक्ताचा डाग दिसला. तिला वाटलं, खोगिरानं मांडी सोलली. मग कळलं. ती ओढ्याकाठी बसून खोगीर घासत राहिली. मागून मामी आली. तिच्याजवळ बसली, तिच्या हातातून चिंधी घेतली आणि गार पाण्यात भिजवून स्वतः डाग काढला.

"गार पाण्यानं निघतो," मामी म्हणाली. "ऊन पाण्यानं बसतो. लक्षात ठेव."

"मामाला सांगणार?"

"त्याला काय सांगायचंय? तो घोड्यांचा घाम चाटतो आणि घरातली माणसं त्याला दिसत नाहीत." मामीनं खोगीर उन्हाला धरून बघितलं. "आज रस्सा माझ्यासमोर बसून खायचा. कुत्र्याची तब्येत मला बघवत नाही."

"मामी, मी खाल्लं तर..."

"तर वाढशील. न खाता काय करतेयस? वाढतेच आहेस, फक्त वाळून वाढतेयस." मामी उठली. "मी तुझ्या पिशवीत डोकावायला येणार नाही, डोल्गोर. पण तो घोडा बोलू शकत नाही, एवढं ध्यानात असू दे."

डोल्गोरला अंगातलं सगळं रक्त तोंडात आल्यासारखं झालं. मामीला माहीत होतं! ती ओरडून सांगेल अशी वाट बघत डोल्गोर दिवसभर फिरली. मामीनं काही सांगितलं नाही. हे सांगितल्यापेक्षा वाईट होतं. संध्याकाळी तिनं मामीसमोर बसून चार घास खाल्ले आणि बाहेर जाऊन ओकली.

शेवटच्या वजनाला पिशवीत सात दगड होते. वासा सुतासारखा सरळ.

नादामच्या सकाळी मैदान माणसांनी, धुरानं आणि तळलेल्या मटणाच्या पुऱ्यांच्या वासानं भरलं होतं. शर्यतीची पोरं आपापले घोडे घेऊन गोल फिरत होती आणि घोड्यांना चेव आणणारी लांब हाक गात होती. सगळ्या चिमण्या आवाजांत डोल्गोरचा आवाज मधेच घोगरा फुटला. जवळची दोन पोरं खिदळली.

कठड्याजवळ शागदर उभा होता. मामाचा जुना वैरी. त्याचेही घोडे पळत.

"अरे झुंदुई!" तो ओरडला. "तुझ्या घोड्याला सहा पाय कसे रे? वरून लोंबणारे दोनही जमिनीला टेकलेत!"

लोक हसले. मामानं टोपी मागं सारली.

"तुझ्या डोळ्यांवर चरबी आलीय शागदर! माझ्या तराजूत ती आजही मिठाच्या पिशवीएवढीच आहे. परवाच तोललीय. हवं तर माझ्या बापाला विचार, पिशवी त्यानं भरली!"

"तुझा बाप मेला त्याला वीस वर्षं झाली."

"म्हणून काय झालं? खोटं तर तो जिवंतपणीही बोलला नाही!"

आणखी मोठा हशा झाला. डोल्गोरनं मान खाली घातली. मामा तिच्याजवळ आला, तंग तपासला, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आजचा दिवस," तो हळूच म्हणाला. "पाच वर्षांचा घोडा पुन्हा पाच वर्षांचा होत नाही."

आता सांगायचं होतं. अगदी आता. सगळं मैदान समोर होतं आणि मामाचा हात गुडघ्यावर होता.

"हो मामा," ती म्हणाली.

सुटायची जागा सात कोस लांब. तिथवर घोडे सावकाश न्यायचे आणि तिथून पळवत परत आणायचे. जाताना कोणी फारसं बोललं नाही. टेकाडामागं पंचांची जीप उभी होती. झेंडा खाली आला आणि साठ घोडे एकदम सुटले. जमीन अशी धडधडली की बिळांतले उंदीर, भूकंप झाला म्हणून, आपापली पोरं घेऊन शेजारच्या तालुक्यात राहायला गेले, ते अजून परतलेले नाहीत.

पहिले दोन कोस खोंगोर असा पळाला की डोल्गोर सगळं विसरली. दगड विसरली, रक्त विसरली. पुढे फक्त आठ घोडे होते, मग सहा, मग तीन. वारा तोंडात शिरून दात सुकवत होता. तिच्या डाव्या हाताला, जरासा पुढे, शागदरचा काळा घोडा, त्यावर नऊ वर्षांचा गोंचिग. जेमतेम मेंढीच्या पिल्लाएवढा, तोंडानं अखंड बडबड. घोड्याला शिव्या देत होता, ढगांना देत होता.

तिसऱ्या कोसाला काळ्या घोड्याचा पाय उंदराच्या बिळात गेला. गोंचिग हवेतून गेला, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि उठून बसला. काळा घोडा मोकळाच बाजूला पळाला. डोल्गोरनं मागं वळून बघितलं. पोर उभं होतं. म्हणजे ठीक आहे. पुढे आता दोनच.

तिनं खोंगोरच्या मानेवर हात ठेवला, नेहमी ठेवायची तसा.

मान गार होती.

तिला वाटलं वाऱ्यानं असेल. हात आयाळीखाली घातला. तिथंही गार. घाम होता, पण गार, आणि कानामागचा तर वाळत चालला होता. खोंगोरचं पाऊल पडत होतं, पण प्रत्येक पावलाला तो क्षणभर उशीर करत होता, जणू जमीन आहे की नाही ते आधी विचारून घेत होता. पळणाऱ्या घोड्याचा घाम आटला की आत काय होतं, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं. असा घोडा थांबत नाही. तो पळत राहतो, आणि पळता पळता पडतो, आणि पडल्यावर उठत नाही.

समोर दोन घोडे. त्यांच्याही पलीकडे, धुळीत, देवाची दगडरास असलेली टेकडी. तिच्या मागं मैदान. चार कोस. खोंगोर थांबणार नाही. ती म्हणाली नाही तर तो थांबणार नाही.

मनात कुणीतरी म्हणालं, चार कोस तर आहेत.

डोल्गोरनं लगाम खेचला.

खोंगोरला कळेना. त्याला वाटलं चूक झाली. तो मान झटकून पुढे ओढत राहिला. तिनं दोन्ही हातांनी, सगळ्या वजनानं, मागं झोकून देऊन लगाम खेचला. तो थांबला तेव्हा त्याचे चारही पाय चार दिशांना लटपटत होते. बाजूनं घोडे जात होते, दहा, वीस, चाळीस, पोरं ओरडत होती, "काय झालं? काय झालं?" आणि धूळ खाली बसेपर्यंत तिथं कुणी उरलं नव्हतं.

ती उतरली. तंग सोडला, खोगीर काढून फेकलं. डगला काढून त्याच्या कमरेवर टाकला आणि त्याच्या नाकासमोर उभी राहिली. त्याचा श्वास आत जाताना शिट्टी वाजत होती.

"झोपायचं नाही," ती म्हणाली. "ऐकतोयस ना? झोपायचं नाही. चल. एक पाऊल. चल."

मागून गोंचिग लंगडत आला. नाकातून रक्त, चेहऱ्यावर धूळ, आणि डोळे चमकत होते.

"ताई! का थांबलीस? तिसरी होतीस की! मला बसव! मी हलका आहे, मी नेतो, अजून पहिल्या दहात येईल!"

"नाही."

"अगं, तू उतरलीस की त्याला बरं वाटेल! तूच जड झालीस ताई. सगळी पोरं म्हणतात. सकाळी तर तुझे पाय..."

"गप्प बस, गोंचिग."

"बरं. पण जड झालीस."

अख्ख्या उन्हाळ्यात हे इतकं सरळ तिला कुणी म्हणालं नव्हतं. डोल्गोरला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

"हो," ती म्हणाली. "झालेय."

तेवढ्यात पंचांची जीप धुरळा उडवत आली. आतला माणूस अर्धा बाहेर लोंबकळत ओरडला, "घोडा पडला की पोर पडलं?"

"पोर पडलं!" गोंचिग स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवून म्हणाला.

"मग तू बस या घोड्यावर आणि आण पळवत! घोडा उभा आहे, म्हणजे शर्यतीत आहे! झुंदुईचा ना हा? अरे, म्हातारा तिथं टाचा उंच करून बघतोय! बस लवकर!"

गोंचिगनं डोल्गोरकडे बघितलं. तिनं त्याच्या आणि घोड्याच्या मधे पाऊल टाकलं.

"हा पळणार नाही," ती म्हणाली.

"हे तू कोण ठरवणार? मालक तू आहेस?"

"मालक मामा आहे. वर मी होते. माझं वजन खोटं होतं. मी तराजूत दगड घातले. हा महिनाभर उपाशी आहे माझ्यामुळे, आणि आता याला कुणी पळवलं तर हा मरेल. तुम्ही जा. मामाला सांगायचं तर सांगा."

तिचा आवाज मधेच घोगरा फुटला, पण तिनं वाक्य पुरं केलं. जीपमधल्या माणसानं घोड्याकडे एकदा नीट बघितलं. मग त्यानं आपली पाण्याची बाटली बाहेर फेकली आणि जीप निघून गेली.

चार कोस चालायला पूर्ण दुपार लागली. पाणी तिनं कपड्यानं खोंगोरच्या ओठांना लावलं, थोडंथोडं. तो थांबला की ती थांबायची, त्याचे पाय चोळायची, आडवा होऊ लागला की खांदा लावून त्याला उभा ठेवायची. गोंचिग मागून शेपटीकडून ढकलायचा आणि बडबडायचा. आपल्या आजोबांनी मेलेला घोडा शिंक आणून कसा जिवंत केला ते त्यानं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो उंट होता. डोल्गोरला एक शब्द ऐकू येत नव्हता. ती खोंगोरच्या पोटाकडे बघत होती, आत जातंय, बाहेर येतंय. तो मेला तर ती परत जाणार नव्हती. कुठे जाणार ते ठरलं नव्हतं.

टेकडीच्या अलीकडे मामा समोरून घोड्यावर आला. एकटाच. उतरला. डोल्गोरकडे बघितलंच नाही. खोंगोरचे ओठ उलटून हिरड्या बघितल्या, मानेवर, कानामागं, मांडीच्या आत हात लावला. मग विचारलं,

"किती?"

"सात."

"केवढे?"

तिनं मूठ दाखवली. मामानं त्या मुठीकडे बघितलं. तिच्या मनगटाकडे बघितलं, बाहीकडे, पायांकडे, आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे. ही कोण मुलगी आहे, असा त्याचा चेहरा झाला होता.

"आणि मी याचं गवत तोडलं," तो म्हणाला. "चरबी म्हणून." त्याचा आवाज चढला. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी घाम चाटतोय, आणि एका पोरीनं..." त्यानं चाबूक जमिनीवर आपटला. गोंचिग खोंगोरच्या शेपटीमागं लपला. "तू माझ्या शर्यतीच्या घोड्यावर पुन्हा बसणार नाहीस! कळलं?"

"माहीत आहे."

"कधीच नाही!"

"माहीत आहे, मामा."

तेवढ्यात खोंगोरनं मागचे पाय फाकवले, आणि मुतला. गडद, चहासारखं, बराच वेळ. घाम आटलेला घोडा मुतला की वाचला, असं आमच्याकडे धरतात; तिघंही बघत राहिली. एखाद्या घोड्याच्या मुताकडे आमच्या खोऱ्यात एवढ्या भक्तिभावानं कुणी कधी पाहिलं नसेल. मामा गुडघ्यांवर बसला, ओल्या मातीला बोट लावून बघितलं, आणि टोपी काढून तोंडावर धरली. बराच वेळ काढली नाही.

"जगेल," तो टोपीतूनच म्हणाला.

तेव्हा डोल्गोर रडली. मामानं तिला रडू दिलं. मग नाक शिंकरून उठला आणि खोंगोरच्या दुसऱ्या बाजूला खांदा लावला. तिघंजण घोडा मधे घेऊन निघाले.

"पहिलं काय लागलं हाताला?" चालता चालता मामानं विचारलं.

"काय?"

"मान. गार आधी लागली, का कोरडी आधी?"

"गार. आयाळीखाली गार, पण ओली. कोरडं फक्त कानामागं."

"कुठल्या कानामागं?"

"उजव्या. पाऊलही आधी उजवंच चुकलं."

"उजवंच," मामा म्हणाला. थोडं चालला. "नक्की?"

"नक्की."

मैदानात शिरले तेव्हा ऊन उतरलं होतं. लोक वळून बघत होते; शागदर काहीतरी बोलायला पुढे आला, पण मामाचा चेहरा बघून त्यानं फक्त गोंचिगचा कान पकडून त्याला नेलं. डोल्गोरनं मान खाली घातली नाही.

गेरमध्ये, नमद्याच्या गोल तंबूत, मामीनं चुलीवरचं भांडं उतरवलं. वाडगं भरून तिच्यासमोर ठेवलं. डोल्गोरनं रस्सा प्यायला, हाडं चोखली, वाडग्याचा तळ बोटानं पुसला आणि वाडगं पुढे केलं. मामीनं पुन्हा भरलं.

"पहाटे उठायचंय," मामा दारातून म्हणाला. त्याची नजर बाहेर खोंगोरवर होती. "त्याला महिनाभर हातानं चालवावं लागेल. मी म्हातारा झालो. पायी तू चालवायचंस."

"हो."

"आणि पुढच्या वर्षी कुणाला बसवायचं ते बघावं लागेल."

डोल्गोरनं तोंडातला घास संपवला.

"गोंचिगला."

"शागदरचं पोर? ते बडबड किती करतं!"

"करू दे," ती म्हणाली. "मामी, अजून थोडं."